टाकीच्या उंबऱ्यावरचं तेल

चंदीगडच्या मराठी बायकांना आपण काय काम करतो हे समजावून सांगणं, ही माझी दर गणपतीतली ठरलेली परीक्षा होती. मंडळात येणाऱ्यांचे नवरे डॉक्टर, प्राध्यापक, नाहीतर केंद्र सरकारच्या कुठल्यातरी खात्यात बदलून आलेले. बायका शाळेत शिकवणाऱ्या किंवा घर सांभाळणाऱ्या. मी म्हणायचे, "लोखंडाला रंग लावायच्या आधी ते नीट खरवडलंय का, ते तपासते." समोरची बाई हातातला मोदक तसाच धरून थांबायची आणि विचारायची, "म्हणजे पेंटर?" माझ्या मुलीचं मतही फारसं वेगळं नव्हतं. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "मम्मी, मैं सबको बोल देती हूं तू टीचर है. पक्का कोई नहीं पूछेगा." मी अर्थातच तिला तसं सांगू दिलं नाही.

मी जळगावला रंगांचं रसायनशास्त्र शिकले, काही वर्षं एका रंगाच्या कंपनीत काढली, आणि नवऱ्याला चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेत छातीच्या विभागात जागा मिळाली तेव्हा बाडबिस्तरा उचलून त्याच्याबरोबर आले. आल्यावर वर्षभर घरात बसून भिंतींचे रंग बघितले. ते वाईट होते. नव्वदनंतर चंदीगडजवळ डेराबस्सीकडे औषधांचे आणि रसायनांचे कारखाने भराभर उभे राहत होते आणि परदेशी गिऱ्हाईक आलं की ते पहिल्यांदा टाक्यांच्या आत डोकावून बघायचं. आतला लेप कुणी लावला, कशावर लावला, कुणी तपासला, हे त्याला कागदावर हवं असायचं. त्या कागदावर सही करणारं माणूस इकडे सहजासहजी मिळत नव्हतं. अशी माझी सोय झाली.

काम तसं सांगायला सोपं आहे. पोलादाचा पत्रा कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्यावर निळसर काळी पापडी असते आणि पावसात उभा राहिला की गंज असतो. त्याच्यावर कितीही भारी रंग फासा, तो पापडीसकट निघून येतो. म्हणून मोठ्या कॉम्प्रेसरच्या हवेने त्याच्यावर खरखरीत दाणे मारायचे. आमच्याकडे तांबं वितळवून उरलेली काळी मळी चाळून वापरत. दाण्यांच्या माऱ्याने पापडी, गंज सगळं उडतं आणि खाली राखाडी पांढरं, कोवळं पोलाद उघडं पडतं. हाताला ते मांजरीच्या जिभेसारखं लागतं, पण हात लावायचा नाही. घामाचं बोट उमटलं तरी दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचं बोट दिसतं. त्याच दिवशी, दव धरायच्या आत, त्याच्यावर रंगाचा पहिला हात चढायला हवा. मी जे तपासायचे ते एवढंच. बहुतेक वेळा माझं तपासणं म्हणजे "नाही" म्हणणं असायचं आणि त्यामुळे डेराबस्सीत माझ्याबद्दल फारसं चांगलं कुणी बोलत नव्हतं.

अपवाद होता तो एका सरदारजीचा. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंचापुरा, आवाज असा की कॉम्प्रेसर चालू असतानाही ऐकू यावा. डेराबस्सीच्या मागच्या रस्त्याला त्याचं आवार होतं. मी "नाही" म्हटलं की तो कपाळाला हात लावायचा, वाहेगुरूला हाक मारायचा, आणि मग काम पुन्हा करायचा. वाद घालायचा तोही तोंडदेखला. मला तो आवडायचा, हे सांगायला हरकत नाही.

त्याचे वडील हेच काम करत. त्या काळी घग्गर नदीची वाळू वापरत आणि तोंडाला ओलं फडकं बांधत. पुलांचे गर्डर, ट्रकच्या चासी, जे येईल ते वाळूने साफ करायचे. वाळूची बारीक भुकटी फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. शेवटची वर्षं त्यांनी खाटेवर बसून खोकण्यात घालवली. ते गेल्यावर त्याची आई, जिला सगळे बीजी म्हणत, त्या आवाराच्या फाटकातही आली नाही. मुलाने धंदा बंद करावा आणि गावाकडे येऊन शेती बघावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. शेवटी तडजोड झाली. त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की मी मालक होईन, गिऱ्हाईक बघेन, पण दाणे मारायची नळी हातात धरणार नाही. त्यासाठी माणसं ठेवेन. ही हकिगत त्याने मला चहा पिताना सांगितली, तेव्हा नळी धरणारा हिमाचलचा गडी शेजारीच बसून चहा पीत होता. त्या गड्याची आई तिथे नव्हती, त्यामुळे त्याच्यासाठी अशी शपथ कुणी घ्यायला लावली नव्हती. हे मी बोलून दाखवलं. सरदारजी म्हणाला, "मॅडम जी, इसीलिए तो टोप लेके दिया है. हवा वाला." ते खरं होतं. चेहऱ्यासमोर काच असलेला, खांद्यापर्यंत येणारा टोप त्याने आणला होता आणि त्यात स्वच्छ हवेची बारीक नळी सोडली होती. तरी मानेपाशी फट राहायचीच.

मी सांगतेय तो दिवस डिसेंबरअखेरचा होता. एका औषध कारखान्याची मोठी टाकी त्याच्या आवारात तयार झाली होती आणि तिच्या आतून लेप द्यायचा होता. इतकी मोठी टाकी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती. थंडीत इकडे काम करायला दिवसाचा मधला तुकडाच मिळतो. सकाळी धुकं असतं, दुपार कलली की पत्रा गार पडतो आणि त्याच्यावर दव धरायला लागतं. त्या दिवशी ऊन लवकर निघालं. हिमाचलवाल्याने आदल्या दिवशी बरंचसं काम उरकून ठेवलं होतं, सकाळी सगळ्यावरून दाण्यांचा एक शेवटचा हात फिरवला, आणि तो घरच्या लग्नाला जायचं म्हणून सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडकडे पळाला. मी आत उतरून पाहिलं. एकदाही "नाही" म्हणावंसं वाटलं नाही. हवेतून तेल येत नाही ना, हे मी सकाळीच नळीसमोर पांढरं फडकं धरून तपासलं होतं. फडकं पांढरंच राहिलं होतं.

मी बाहेर येऊन म्हटलं, "रंग कालवायला घ्या." सरदारजीने खुशीत येऊन म्हाताऱ्या मदतनिसाच्या पाठीत अशी थाप मारली की तो खोकायलाच लागला.

एवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली आणि तिच्यातून बीजी उतरली.

मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. पांढरी सलवार-कमीज, त्यावर जाड शाल, गुडघ्यांनी जरा वाकलेली, पण चालणं भराभर. सरदारजीची बोबडीच वळली. शेजाऱ्याच्या गाडीतून गावाहून निघाली होती आणि आपण येतोय हे तिने मुलालाही कळवलं नव्हतं. इतकं मोठं काम मिळालंय हे तिला कळलं होतं आणि त्या एका गोष्टीने तिची इतक्या वर्षांची आडकाठी संपली होती. तिने आवारभर नजर फिरवली, मुलाच्या अंगावर धूळ नाही हे पाहिलं, त्याचे कपडे बघितले, नखं बघितली. सगळं मनासारखं निघालं तेव्हा ती हसली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तो मला तिची ओळख करून द्यायला लागला.

आता पंजाबी माणसाच्या घरात शुभ पाऊल पडायचं असलं की उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना मोहरीचं तेल ओततात. नवी सून येवो, परदेशातून मुलगा येवो, आई तेलाची बाटली घेऊन दारात उभी. मी इकडे आल्यापासून हे कितीतरी दारांत पाहिलं होतं. बीजीच्या पिशवीत तेलाची बाटली होती. कुठे ओतायचं हे तिचं तिनेच ठरवलं. आवाराला फाटक होतं, पण उंबरा नव्हता. टाकीला मात्र खालच्या बाजूला माणूस वाकून आत जाईल एवढं गोल भोक होतं आणि त्याला खाली छान कड होती. आम्ही त्याला मॅनहोल म्हणतो. तिच्या दृष्टीने ते दार होतं आणि तिच्या मुलाचं नशीब त्या दारातून आत जाणार होतं.

मी रंगाच्या डब्यावरची माहिती वाचत होते. मान वर केली तेव्हा एका बाजूला ओतून झालं होतं आणि दुसऱ्या बाजूची धार चालू होती. कड आतल्या बाजूला उतरती होती. तेल शांतपणे आत उतरत होतं. मग तिने तोच तेलकट हात आत घालून भिंतीवरून फिरवला, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि तोंडाने काहीतरी आशीर्वाद पुटपुटली.

रंगाचा सगळ्यात मोठा वैरी तेल. जिथे तेल आहे तिथे लेप धरत नाही, धरल्यासारखा दिसतो आणि काही महिन्यांनी फुगून सुटतो. मळीतून, हवेतून, हातमोज्यातून तेल येऊ नये म्हणून नियमांची पानंच्या पानं आहेत. आईच्या हातून येईल, असा नियम कुणी केलेला नाही.

सरदारजीने ते पाहिलं होतं. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की हे असं चालणार नाही. बीजीने विचारलं, "की कहंदे ने?" काय म्हणतायत या? तो म्हणाला, "कहंदे ने, बहुत वधिया कम्म है." छान काम झालंय म्हणतायत. बीजीने खूश होऊन माझ्या गालावरून हात फिरवला. मोहरीच्या तेलाचा वास मला संध्याकाळपर्यंत येत होता.

मग तिने सगळ्यांना लाडू दिले आणि गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला जाते म्हणून ती त्याच गाडीने निघाली. तिथून ती परस्पर गावी जाईल असं सरदारजी धरून चालला, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत उभा राहिला. नंतर माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम जी, थिनर से पोंछ देते हैं. हो जाएगा."

त्याने पुसलंही. मी बाटलीतून त्या जागेवर पाण्याचा फवारा मारला. स्वच्छ पोलादावर पाणी पसरतं. इथे त्याचे थेंब गोळा होऊन बसले. फडक्याने तेल पुसलं गेलं नव्हतं, पसरलं होतं. आता दरवेळी नवं फडकं आणि ताजं थिनर घेऊन पुन्हा पुन्हा पुसायचं, आणि मग तो सगळा पट्टा पुन्हा दाण्यांनी मारून काढायचा. दुसरा इलाज नव्हता. उद्यावर टाकलं असतं तर रात्रीच्या धुक्याने अख्खी टाकी आतून तांबूस झाली असती आणि दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली असती. परवा कारखान्याची माणसं टाकी न्यायला येणार होती. नळी धरणारा तोवर बसमध्ये बसला होता. म्हातारा मदतनीस हवेचा कॉक सांभाळू शकत होता, नळी पेलणं त्याच्या ताकदीबाहेरचं होतं.

सरदारजीने उन्हाकडे पाहिलं. मग तो शेडमध्ये गेला, पगडी उतरवली, फळीवर स्वच्छ फडकं अंथरून तिच्यावर ठेवली, केसांच्या बुचड्यावर रुमाल बांधला आणि टोप चढवला. पगडीवर तो टोप बसत नाही. हवेची नळी टोपाला नीट लागलीय ना, हे मी दोनदा बघितलं.

दाण्यांचा मारा सुरू झाला की शेजारच्या माणसाशीही बोलता येत नाही. मॅनहोलमधून काळपट धुरळा बाहेर लोटत होता. मी वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन उभी राहिले. बीजी केव्हा परत आली ते मला कळलंच नाही. माझ्या कोपराला हात लागला म्हणून वळले तर ती द्रोणात कडाप्रसाद घेऊन उभी होती. गुरुद्वाऱ्यातून सगळ्यांसाठी आणला होता. तिने मला दिला, म्हाताऱ्याला खूण करून दाखवला, आणि मुलाला शोधायला शेडमध्ये गेली.

फळीवर पगडी होती. ती पगडीकडे बघत उभी राहिली. मग टाकीकडे बघितलं. मुलगा कुठे आहे हे तिने कुणालाही विचारलं नाही.

माझ्याजवळ येऊन, माझ्या कानाशी तोंड आणून तिने एवढंच विचारलं की सकाळी तर तुम्हाला काम पसंत पडलं होतं, मग आता हे काय? खोटं बोलायला मला जरा वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिने दिला नाही. मी सांगितलं, "तेल की वजह से, बीजी." पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच सांगेन. तिला कळायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण ते ऐकून तिचा चेहरा जसा झाला तो बघणं कठीण होतं, हेही खरं. ती रडली नाही, कपाळ बडवलं नाही. प्रसादाचा द्रोण तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि टाकीच्या भोकाकडे बघत उभी राहिली.

हवा बंद झाली. सरदारजी वाकून बाहेर आला, सरळ झाला, टोप काढला. मानेपाशी, दाढीत, भुवयांत धुरळा बसला होता. आधी त्याला मी दिसले आणि तो हसून अंगठा दाखवायला लागला. मग आई दिसली. एवढा मोठा गडी, तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. "बीजी, ओ..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

तिने द्रोण माझ्या हातात दिला. त्याच्या खांद्याला धरून त्याला पाठमोरा केला, दंडाला ओढून खाली वाकवला, आणि शालीचं टोक कानामागे सारून आपला कान त्याच्या पाठीला लावला.

"साह लै," ती म्हणाली. श्वास घे.

त्याने श्वास घेतला. तिने कान दुसऱ्या बाजूला लावला. पुन्हा घे. मग जरा खाली. डोळे मिटून ऐकत होती. ही बाई काय ऐकायचं ते जाणते, हे कुणालाही दिसलं असतं. कितीतरी वर्षं तिने अशीच एक पाठ ऐकली असणार. म्हातारा मदतनीस कॉकवर हात ठेवून उभा होता. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि हातात प्रसाद असल्यामुळे जाता येत नव्हतं.

तिने मान वर केली. "ठीक ए," म्हणाली. "रंग कर लै. धुप्प जांदी पई ए." रंग लावून घे, ऊन चाललंय.

उरलेलं काम मी चोख पाहिलं. हवेने धूळ झटकली, पुन्हा फवारा मारला, पाणी नीट पसरलं, पत्रा कोरडा केला, दवाचा अंदाज घेतला, आणि ऊन असेपर्यंत पहिला हात चढला. बीजी तोवर शेडमध्ये बाजेवर बसून होती. संध्याकाळी मुलगा पगडी बांधून आला तेव्हा तिने त्याच्यासाठी ठेवलेला प्रसाद त्याला दिला आणि ती त्याच्याबरोबर गावी गेली. ती टाकी चांगली टिकली. माझ्या सहीची मला कधी काळजी वाटली नाही.

घरी जेवताना मी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. तो छातीचा डॉक्टर, असल्या धुळीची माणसं दर आठवड्याला बघणारा. तो ताटातलं मेथीचं वरण कालवत म्हणाला, "कानाने सुरुवातीला काहीच कळत नाही गं. फुप्फुसं अर्धी दगड झाली तरी पाठ ठीकच वाजते. त्याला छातीचा फोटो काढायला माझ्याकडे पाठव." मुलीने विचारलं, "पर आंटी को किसी ने बताया?"

पुढच्या कामाला गेले तेव्हा सरदारजीने आपणहून सांगितलं की बीजी आता त्याच्याकडेच राहायला आली आहे. रोज संध्याकाळी तो आवारातून घरी गेला की बूट काढायच्या आधी तिला पाठ ऐकू द्यावी लागते. बायको हसते, मुलं हसतात. धंद्याबद्दल आता बीजी एक अक्षर काढत नाही.

मी त्याला नवऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. छातीचा फोटो काढून घ्यायलाही सांगितलं. तो म्हणाला, "निकलवा लूंगा, जी." आम्ही चंदीगडात होतो तोपर्यंत तरी तो आला नाही.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "वैसे मुझे पता है, मॅडम जी. पापाजी का भी बीजी को आखिर तक ठीक ही सुनाई देता था."

मी विचारलं, मग रोज कशाला पाठ देता?

"सुन के सो जाती है, जी," तो म्हणाला. "पहले सारी रात जागती थी."